मचाकोसच्या ताली : गरीब मुलखाकडे कसे पाहावे?

दूरदेशी प्रवास करून आलेला मनुष्य बहुधा दोनच प्रकारच्या गोष्टी सांगतो. श्रीमंत देशातून आला तर तेथील सुधारणेचे वर्णन करतो, आणि गरीब देशातून आला तर तेथील दैन्याचे. दैन्याचे वर्णन करताना त्याच्या मनात एक तर कीव असते, नाही तर तुच्छता असते. ह्या दोन भावना वरवर परस्परविरोधी दिसल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. दारिद्र्य हे त्या लोकांच्या अंगचेच आहे, जसा त्यांचा रंग तसे त्यांचे दारिद्र्य, असे दोहोंतही गृहीत धरलेले असते. भर उन्हाळ्यात आपल्या जिरायत गावावरून मोटारीने जाणारा शहरी पाहुणा उघडी माळराने पाहून ‘ह्या मुलखात पिकणार काय आणि हे लोक खाणार काय?’ असा प्रश्न करतो, तेव्हा आपणांस राग येतो. परंतु आपण स्वतः परक्या मुलखात गेलो म्हणजे नेमका तोच प्रश्न आपल्याही तोंडून निघतो.

प्रस्तुत लेखकाचे पूर्व आफ्रिकेतील केनिया देशात जाणे झाले तेव्हा त्याचीही हीच गत झाली. तेथील मचाकोस नावाच्या मुलखात काही दिवस काढल्यावर मात्र आपला प्रश्नच चुकीचा होता असे त्यास कळून आले. ‘हे लोक गरीब का?’ असे न विचारता ‘ह्यांच्यापुढे कोणती दारे बंद होती, आणि ती उघडल्यावर काय झाले?’ असे विचारले पाहिजे. मचाकोसचा इतिहास हे ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय. तो बहुतांशी बांधबंदिस्तीचा इतिहास असल्यामुळे आपल्या मासिकाच्या वाचकांस त्यात विशेष गोडी वाटेल, अशी आशा आहे.

मुलूख आणि पाऊस

केनियाची राजधानी नैरोबी. तिच्या आग्नेयेस सुमारे 40 मैलांवर मचाकोस हे गाव लागते. नैरोबीचे महत्त्व वाढण्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, इंग्रजांचे ठाणे येथेच होते. भोवतालचा मुलूख कांबा लोकांचा. हे लोक शेती आणि गुरे ह्या दोहोंवर जगत आले. मचाकोस गाव समुद्रसपाटीपासून 5,000 फुटांहून अधिक उंच आहे. त्यामुळे विषुववृत्ताच्या जवळ असूनही जुलै महिन्यात तेथे अंगावर घोंगडी घ्यावी लागते. डोंगर उघडे, उतार तीव्र, आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे उतरत गेले म्हणजे मुलूख अधिकाधिक कोरडा होत जातो.

पाऊस वर्षातून दोनदा पडतो. एकदा मार्च ते मे, आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर. डोंगरमाथ्यावर चांगला पाऊस होतो. परंतु बहुतेक भागात वर्षाकाठी 20 ते 30 इंचच, आणि तोही दोन हंगामांत वाटलेला. म्हणजे एका पिकाच्या वाट्यास दहा-पंधरा इंच पाणी येते. तेही एकसारखे येत नाही. चार-दोन जोरदार सरींत येते आणि उतारावरून माती घेऊन निघून जाते. सोलापूर, नगर किंवा माणदेशाकडील वाचकांस ह्याहून अधिक सांगणे नको.

1937 सालचा निकाल

1930 च्या दशकात ह्या मुलखाची स्थिती फारच वाईट झाली होती. एकामागून एक अवर्षणे पडली, टोळधाडी आल्या, आणि डोंगरउतार ओघळींनी चिरले गेले. 1937 साली सरकारच्या मृद्‌संधारण अधिकाऱ्यांनी पाहणी करून जे मत दिले, त्याचा मतितार्थ असा की, हे लोक निराशाजनक दारिद्र्याकडे चालले आहेत, आणि त्यांची जमीन दगडगोटे व वाळू यांचे वाळवंट होऊ लागली आहे. लोक फार झाले, गुरे फार झाली, आणि शेती करण्याची अक्कल नाही, अशी त्या वेळच्या जाणत्यांची समजूत होती. त्या वर्षी उघड्या डोंगरांची छायाचित्रेही घेण्यात आली, आणि ती पाहिली असता हा निकाल खोटा होता असे कोणासही वाटणार नाही.

निकाल खोटा नव्हता, पण अपुरा होता. जमीन उजाड झाली हे खरे. ती का झाली ह्याचा विचार त्यात नव्हता. कांबा लोकांभोवती सरकारने राखीव मुलखाची सीमा आखली होती. पूर्वी एक रान थकले म्हणजे ते सोडून दुसरे तोडावयाचे, आणि अवर्षणात गुरे दूरच्या कुरणांत न्यावयाची, अशी रीत होती. आता आसपासच्या उत्तम जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांच्या ताब्यात गेल्या, आणि काही रिकाम्या जमिनी सरकारी म्हणून बंद झाल्या. झोपडीवर कर बसला. तो रोकड द्यावयाचा असल्यामुळे पुरुष मजुरीसाठी नैरोबीस व मळ्यांवर गेले, आणि शेत बायकांवर पडले. गुरांच्या रोगाच्या कारणाने वेळोवेळी बंदी घातली जाई, त्यामुळे कांबांना आपली गुरे बाहेर विकता येत नसत. विकता येत नाहीत म्हणून ती वाढत, आणि वाढली म्हणजे ‘गुरे फार झाली’ असा ठपका येई. सर्वांत मोठी गोष्ट अशी की, ज्या पिकाने रोख पैसा मिळाला असता ते कॉफीचे पीक येथील आफ्रिकी शेतकऱ्यास लावण्याची मुभाच नव्हती.

ज्याची बाजारपेठ, कुरण आणि पैशाचे पीक बंद केलेले आहे, त्याच्या शेताची अवस्था पाहून त्याच्या अकलेचे माप काढणे कितपत न्यायाचे, हे वाचकांनीच ठरवावे.

सक्ती आणि तिचे फळ

सरकारने उपाय योजला, तो सक्तीचा. 1938 साली गुरांची संख्या कमी करण्याकरिता ती जबरदस्तीने विकावयास लावण्याचा हुकूम निघाला. कांबांच्या दृष्टीने गाय म्हणजे पेढी, लग्नाचे देणे आणि दुष्काळातील शिदोरी असे सर्व काही. मुइंडी म्बिंगू नावाच्या पुढाऱ्याच्या नेतृत्वाखाली हजाराहून अधिक कांबा स्त्री-पुरुष पायी नैरोबीस गेले, आणि गव्हर्नराची भेट मिळावी म्हणून कित्येक आठवडे तेथेच तळ देऊन राहिले. पुढाऱ्यास पकडून दूर किनाऱ्यावरील लामू येथे हद्दपार करण्यात आले. पण सक्तीची विक्री अखेर सरकारला मागे घ्यावी लागली.

बांधांच्या कामातही सक्तीच होती. गावोगावी लोकांना ठरीव दिवशी कामावर आणून उतारावर अरुंद चर खणवीत, आणि चरातील माती खालच्या बाजूस टाकवीत. काम कोणाच्या शेतात व्हावयाचे हे वरून ठरे. ज्याच्या शेतात बांध होई त्याने तो मागितलेला नसे, आणि ज्याने खणला त्यास त्यापासून लाभ नसे. एक-दोन पावसाळ्यांत चर गाळाने भरत, बांध फुटत, आणि पुन्हा लोकांना बोलावणे जाई. ‘हे बांध सरकारचे, फुटले तर सरकार पाहून घेईल,’ ही भावना लोकांत मुरली.

हे वाचताना आपल्याकडील अनुभव आठवल्यावाचून राहत नाही. मुंबई इलाख्यात 1942 साली जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि त्यानंतर ताली-बांधांचे मोठे काम झाले. त्यातील पुष्कळ काम चांगले होते. तथापि प्रस्तुत लेखकाच्याच गावी असे बांध आहेत की जे एका वर्षी मोजणी करून घातले गेले आणि चौथ्या वर्षी शेतकऱ्यांनीच नांगरून मोडले. कारण बांध कोठून जावा हे त्यांना कोणी विचारले नव्हते.

माती वर टाकण्याची युक्ती

दुसऱ्या महायुद्धात कांबा तरुण मोठ्या संख्येने सैन्यात गेले. त्यांपैकी पुष्कळांनी हिंदुस्थान व ब्रह्मदेश पाहिला. परत आलेल्या शिपायांजवळ थोडा पैसा होता आणि डोळ्यांसमोर दुसऱ्या मुलखांतील शेती होती. हिंदुस्थानात डोंगरउतारावर पाहिलेली पायऱ्यांची शेती ह्या शिपायांनी घरी येऊन करून पाहिली, असे तेथील इतिहासाचे अभ्यासक नमूद करतात. ज्या तालीने पुढे सारा मुलूख पालटला, तिच्या घडणीत आपल्याकडील डोंगरी शेतकऱ्याचाही असा थोडा वाटा आहे, हे वाचून वाचकांस संतोष वाटेल.

ह्या तालीला तेथे ‘फान्या जू’ म्हणतात. स्वाहिली भाषेत ह्याचा अर्थ ‘वर कर’, म्हणजे माती वर टाक. युक्ती सोपी आहे, पण तिचे मर्म समजून घेण्यासारखे आहे.

उताराला आडवा, समपातळीत, सुमारे दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल चर खणावयाचा. त्यातील माती खालच्या अंगाला न टाकता वरच्या अंगाला टाकून तिचा बांध करावयाचा. बांध आणि चर यांच्यामध्ये वीतभर जागा मोकळी ठेवावयाची, म्हणजे बांधाची माती पुन्हा चरात घसरत नाही. बांधावर हत्तीगवतासारखे चिवट गवत लावावयाचे. ते माती धरून ठेवते आणि गुरांस चाराही होतो. चराच्या ओलीवर केळी, पपई लावतात. पाऊस पडला म्हणजे शेतातून वाहत येणारे पाणी बांधाशी अडते, आपला गाळ तेथेच टाकते आणि जिरते. दरवर्षी बांधामागे माती साठत जाते आणि वरच्या बाजूची जमीन थोडी थोडी खाली येते. शेतकरी दरवर्षी बांधाची उंची वाढवीत जातो. येणेप्रमाणे काही वर्षांत दोन बांधांमधील उताराची आपोआप सपाट पायरी बनते. म्हणजे जी पायरी एकदम खणून काढावयास फार खर्च आला असता, ती पावसाच्याच हातून करवून घेतली जाते.

माती खाली टाकण्याच्या जुन्या पद्धतीत हे घडत नसे. गाळ चरात पडे आणि चर भरला की संपले. माती वर टाकण्यास श्रम मात्र अधिक पडतात. उताराच्या मानाने एका एकरास सुमारे 60 ते 140 माणशी दिवस लागतात, असा हिशेब आहे. हे श्रम मनुष्य उगाच करीत नाही. शेत आपले आहे आणि त्याचे फळ आपणांस मिळणार आहे अशी खात्री असेल, तरच तो माती वर टाकतो.

दारे उघडली

ही खात्री कशी उत्पन्न झाली? पहिली गोष्ट, जमिनीवरील हक्काची. कांबांच्या रूढीप्रमाणे ज्याने रान मोडून शेत केले ते त्याचे, आणि त्याच्यामागे त्याच्या मुलांचे. सरकारी दाखला पुष्कळांना फार उशिरा मिळाला. पण गावात कोणाचा बांध कोणता ह्याविषयी शंका नव्हती, आणि तेवढे पुरेसे होते.

दुसरी गोष्ट, पिकाची. 1954 साली केनियाच्या सरकारने आफ्रिकी शेतकऱ्यांकरिता शेतकी सुधारणेची नवी योजना आखली, आणि मचाकोसच्या शेतकऱ्यास कॉफी लावण्याची मोकळीक मिळाली. अट एवढीच की कॉफीची जमीन पायऱ्यांची असली पाहिजे. पंधरा वर्षे दंड करून जे बांध टिकले नव्हते, ते आता लोक आपण होऊन घालू लागले; कारण आता बांधाच्या मागे कॉफी होती, आणि कॉफीच्या मागे पैसा होता. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था निघाल्या आणि कॉफीची फळे सोलण्याचे कारखाने त्यांनी चालविले.

तिसरी गोष्ट, श्रमाची. कांबांमध्ये ‘म्वेथ्या’ नावाची जुनी रीत आहे. एकाच्या शेतात सर्वांनी मिळून काम करावयाचे, त्याने जेवण द्यावयाचे, आणि पुढच्या दिवशी दुसऱ्याच्या शेतात जावयाचे. आपल्याकडील इर्जिक किंवा सावड ह्याचीच ही बहीण म्हणावी. सक्तीच्या काळी सरकारने हेच नाव वापरून वेठ चालविली होती, म्हणून नावही बदनाम झाले. 1950 च्या दशकात मंडळींनी आपला पुढारी आपणच निवडावा आणि कोणाच्या शेतात केव्हा काम करावे हे आपणच ठरवावे, असे झाले, तेव्हा तीच रीत पुन्हा जिवंत झाली. ह्या मंडळींत बहुतेक बायकाच असत. कारण पुरुष नोकरीस बाहेर असत.

चौथी गोष्ट, बाजाराची. नैरोबी शहर वाढत गेले, रस्ते झाले, आणि भाजी, फळे, दूध यांस गिऱ्हाईक मिळाले. नोकरीस गेलेले पुरुष पगारातील शिल्लक घरी धाडीत. तीतून नांगर, बैल, पत्र्याचे छप्पर आणि मुलांची शाळा झाली. शहरातील पगार हेच ह्या शेतीचे पहिले भांडवल होते.

12 डिसेंबर 1963 रोजी केनिया स्वतंत्र झाला. सक्तीची आठवण ताजी असल्यामुळे आरंभी काही वर्षे बांधांकडे दुर्लक्ष झाले. पण 1970 च्या दशकात लोकांनी पुन्हा जोराने काम हाती घेतले. ह्या वेळी बहुतांश आपल्याच पैशाने. जवळच्या काटुमानी संशोधन केंद्रातून लवकर तयार होणारा मका निघाला; तो थोड्या पावसातही हाती लागे.

फळ काय झाले ते आकड्यांत पाहावे. 1930 च्या सुमारास ह्या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 2 लाख 40 हजार होती. 1990 च्या सुमारास ती 14 लाखांवर गेली. मेरी टिफेन, मायकेल मॉर्टिमोर आणि फ्रान्सिस गिचुकी ह्या तिघा अभ्यासकांनी 1994 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की, लोक जवळजवळ सहापट होऊनही दरडोई शेती-उत्पन्नाचे मोल सुमारे तिपटीने वाढले. प्रत्येक चौरस मैलाचे उत्पन्न तर सुमारे दसपट झाले. 1937 सालची छायाचित्रे जेथून घेतली होती, त्याच जागी उभे राहून सुमारे 1990 साली पुन्हा छायाचित्रे घेण्यात आली. पूर्वी जेथे ओघळी होत्या तेथे आता पायऱ्या, आणि पूर्वी जेथे उघडा डोंगर तेथे आता शेतकऱ्यांनीच लावलेली झाडे दिसतात. 1937 सालच्या जाणत्यांस जी तोंडे दिसली होती, त्यांना हातही होते.

जे मी पाहिले

मी गेलो तेव्हा जुलै महिना होता. डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत ताली एकावर एक चढत गेलेल्या दिसत होत्या. मका काढून झाला होता, आणि बांधाबांधाने उभी होती ती तूर! हिरव्या शेंगांनी लवलेली. मचाकोस, मकुएनी व किटुई हा केनियातील तुरीचा मुख्य पट्टा आहे. मूगही तेथे मोठ्या प्रमाणावर होतो. परक्या देशात आपल्या घरचे माणूस भेटावे तसे मला झाले.

ज्या घरी उतरलो ते साडेतीन एकरांचे शेत एका साठीच्या विधवा बाईंचे होते. वडीलधाऱ्या स्त्रीस तेथे आदराने ‘मामा’ म्हणतात. आरंभी हा शब्द माझ्या तोंडी येईना. पण दुसऱ्या दिवसापासून मीही त्यांना ‘मामा’ म्हणू लागलो आणि त्या हसू लागल्या. त्यांच्या घरी दोन गाई, एक टाके, आठ आंब्याची झाडे आणि बांधांवर सर्वत्र गवत. संध्याकाळच्या जेवणात मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा आणि एक पालेभाजी असे. ह्या भाजीचे तेथील नाव ‘सुकुमा विकी’, म्हणजे ‘आठवडा ढकल’. पगाराच्या दिवसापर्यंत आठवडा ढकलण्यास हीच उपयोगी पडते, म्हणून हे नाव. गरिबीला विनोदाने तोंड देण्याची ही रीत पाहून मला आपल्याकडील पिठल्याची आठवण झाली.

त्यांचे वृद्ध दीर शेजारीच राहतात. ते नव्वदीला टेकलेले आहेत. लहानपणी आईबरोबर सक्तीच्या कामावर आपण माती वाहिली, असे ते म्हणाले. मी विचारले, “तेव्हाही ताली घालीत होता आणि पुढेही घातल्या; मग फरक कोणता?” दुभाष्याने प्रश्न सांगितला. म्हाताऱ्याने काठीने समोरचा बांध दाखविला आणि म्हटले, “तो चर त्यांनी मोजला होता. हा माझ्या बापाने मोजला.”

दुसऱ्या दिवशी मी मामांना तुरीविषयी विचारले. त्या म्हणाल्या, “तूर तुमच्याच देशात जाते. तुम्ही घेतली तर आमच्या घरात पैसा. नाही घेतली तर आम्ही ती उकडून खातो.” ह्या बोलण्यास कारण होते. 2017 साली आपल्या देशात तूर उदंड पिकून भाव पडले, तेव्हा सरकारने परदेशी तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली, आणि पूर्व आफ्रिकेतील तुरीचे भाव कोसळले. 2021 साली आयात पुन्हा मोकळी झाली. मी स्वतः तूर पिकविणारा असल्यामुळे त्या मर्यादेचे मला त्या वेळी समाधानच वाटले होते. समोर बसलेल्या बाईंना मी ते सांगितले नाही. पण त्या रात्री मला नीट झोप आली नाही. आपल्याला योग्य भाव मिळावा ही मागणी मी आजही सोडणार नाही. परंतु गरीब देशातील दारे केवळ तेथील सरकारच उघडते अगर बंद करते असे नसून, त्यांपैकी एखाद्या दाराची कडी आपल्या हातीही असते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

उरलेल्या अडचणी

वरील हकिकतीवरून मचाकोस म्हणजे नंदनवन झाले असे कोणी समजू नये. जुन्या जिल्ह्याचे आता मचाकोस व मकुएनी असे दोन परगणे झाले आहेत, आणि मकुएनीचा दक्षिण भाग पूर्वीइतकाच कोरडा आहे. 2020 च्या अखेरीपासून 2023 च्या आरंभापर्यंत पूर्व आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्यात लागोपाठ पाच हंगामांचा पाऊस हुकला. ताल पाणी धरते. पण जे पाणी आभाळातून पडतच नाही ते ती कोठून धरणार?

कॉफीनेही धोका दिला. 1989 साली कॉफीचा आंतरराष्ट्रीय करार मोडला, भाव पडले, सहकारी संस्था कर्जात बुडाल्या आणि पुष्कळांनी झाडांकडे पाठ फिरविली. ज्यांच्याजवळ पाण्याची सोय होती ते आंबा, घेवडा आणि भाजीपाला यांकडे वळले; ज्यांच्याजवळ नव्हती ते मागे राहिले. शेते वाटण्या होऊन लहान झाली आहेत. ज्या घरचा कोणी शहरात नोकरीस नाही त्या घरी बैल नाहीत, आणि बैल नाहीत म्हणून पेरणीस उशीर, ही साखळी तेथेही आहेच. सुधारणा झाली ती सर्वांची सारखी झाली नाही.

आणखी एक अडचण वाळूची. तेथील नद्या पावसाळ्यापुरत्या वाहतात व एरवी कोरड्या वाळूच्या असतात. लोक नदीच्या पात्रात खडकापर्यंत पक्का आडवा बंधारा घालतात. पुराबरोबर आलेली वाळू त्यामागे साठते आणि तिच्या पोटात पाणी राहते. वाळूखालचे पाणी उन्हाने फारसे उडत नाही, म्हणून उन्हाळ्यात तेथे झिरा खणला की पाणी लागते. पण नैरोबीच्या इमारतींकरिता हीच वाळू उपसून नेली जाऊ लागली, आणि वाळूबरोबर पाणीही गेले. 2015 साली मकुएनी परगण्याने वाळूच्या संरक्षणाकरिता स्वतंत्र कायदा केला. आपल्या नद्यांची स्थिती पाहणाऱ्यास ह्यावर भाष्य नको.

आपणांस घेण्याजोगे

ह्या सर्वांवरून काही गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या वाटतात.

(1) दारिद्र्य हा मुलखाचा किंवा माणसाचा स्वभाव नव्हे. कांबा लोक तेच, डोंगर तेच, पाऊस तोच; बदलले ते हक्क, पीक, बाजार आणि रस्ता. जेथे मनुष्य आळशी दिसतो तेथे त्याच्या श्रमाचे फळ कोणाच्या घरी जाते, हे आधी पाहावे.

(2) गरिबाचे मुख्य भांडवल म्हणजे त्याचे श्रम. ते जमिनीत घालण्यास त्याला उपदेशापेक्षा खात्रीची गरज असते. ही खात्री हुकमाने उत्पन्न होत नाही.

(3) युक्ती बाहेरून आली तरी चालते, पण निवड घरची असावी लागते. फान्या जू रुजली, कारण ती शेतकऱ्याने आपल्या शेताच्या मानाने बदलून घेतली. कोणी चरात केळी लावली, कोणी बांध जवळ घातले, कोणी दूर.

(4) एका पिकावर व एका गिऱ्हाइकावर विसंबणे धोक्याचे. मचाकोसचा जो शेतकरी टिकला त्याच्या शेतात मका, तूर, आंबा, गाय आणि शहरातील एक पगार अशी पाच पाये असलेली तिवई होती. एक पाय मोडला तरी ती उभी राहिली.

शेवटी एक सूचना. वाचकांपैकी ज्यांची जमीन उताराची आहे त्यांनी पावसाळ्यापूर्वी एक दिवस काढून बांधाबांधाने फिरावे. कोणता बांध आपण मोजला, कोणता वाडवडिलांनी आणि कोणता दुसऱ्याच कोणी, हे पाहावे. आणि फुटका असेल तो कोणत्या प्रकारचा आहे ह्याची नोंद करावी. मी परत आल्यावर माझ्या शेतात हे केले. सात बांधांपैकी दोन फुटले होते, आणि त्या दोहोंची जागा आमच्या घरच्या कोणी ठरविलेली नव्हती. येत्या वैशाखात ते दोन्ही मी मोडून नव्या जागी घालणार आहे. शेजारच्या दोन घरांनी सावडीस येण्याचे कबूल केले आहे. माती अर्थातच वर टाकावयाची आहे.